भाषा माणसाची की जमिनीची? बेल्जियमचं जुनं भांडण

ब्रसेल्सहून गाडी काढून फ्रान्समधल्या लील शहराकडे निघालात, तर सुरुवातीला पाट्यांवर लील सापडतच नाही. 'राइसल' सापडतं. जरा पुढं गेलं की राइसल गायब होतं आणि लील उगवतं. 'दोर्निक'चं 'तूर्ने' झालेलं असतं. शहरं जागच्या जागी आहेत, रस्ताही तोच आहे. मधे भाषेची हद्द लागून गेली, एवढंच. तिथं ना फाटक, ना पोलीस, ना टोलनाका. हद्दीच्या अलीकडे सरकारनं डचमध्ये बोलायचं, पलीकडे फ्रेंचमध्ये. शेजारच्या देशातल्या शहराच्या नावालाही त्यातून सूट नाही.

सीबीएसईच्या दहावीच्या नागरिकशास्त्रात बेल्जियमचा धडा असतो. दोन भाषांच्या लोकांनी समजूतदारपणे सत्ता वाटून घेतली आणि देश वाचवला, असा त्याचा सूर. धडा चुकीचा नाही, पण लग्नाच्या अल्बमवरून संसार ओळखावा तसला आहे.

आधी आकार लक्षात घेऊ. बेल्जियम महाराष्ट्राच्या साधारण एक दशांश. लोकसंख्या एक कोटी अठरा लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या मुंबई शहरापेक्षाही थोडी कमी. उत्तरेला फ्लँडर्स, तिथं डच बोलतात; या लोकांना फ्लेमिश म्हणतात. दक्षिणेला वॉलोनिया, तिथं फ्रेंच, हे वॉलून. पूर्वेच्या कोपऱ्यात पाऊण लाखाहून थोडे जास्त जर्मन बोलणारे आहेत. त्यांचा मुलूख पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून बेल्जियमला मिळाला. हे लोक आपल्या वाट्याचं शांतपणे सांभाळून असतात, त्यामुळे बातम्यांत फारसे येत नाहीत. आणि मधे ब्रसेल्स. नकाशावर ते फ्लँडर्सच्या पोटात आहे, पण बोलणं बहुतांशी फ्रेंच.

बेल्जियमला द्विभाषिक देश म्हणतात, ते अर्धंच खरं. देश दोन भाषांचा आहे, पण त्या दोन्ही भाषा कायद्यानं एका छपराखाली पूर्णपणे नांदतात त्या एकट्या ब्रसेल्समध्ये. तिथं मेट्रोचं एकच स्टेशन 'आर्ट-लोआ' आणि 'कुन्स्ट-वेट' अशी दोन नावं लावतं. जर्मन कोपरा सोडला तर बाकी देश म्हणजे दोन एकभाषिक प्रदेश, पाठीला पाठ लावून बसलेले.

मग हे दोन वेगळे वंश आहेत का? नावांवरून ओळखायला गेलात तर फसाल. गीर्ट बूर्ज्वा हे फ्लेमिश राष्ट्रवादी पक्षाचे पुढारी, फ्लँडर्सचे मुख्यमंत्री होते, आणि आडनाव अस्सल फ्रेंच. गी स्पिताल्स हे वॉलून समाजवाद्यांचे मोठे नेते, आडनाव फ्लेमिश. एकोणिसाव्या शतकात फ्लँडर्स कंगाल होतं आणि वॉलोनियात कोळसा-पोलादाचे कारखाने धडाडत होते, तेव्हा हजारो फ्लेमिश कुटुंबं पोटासाठी दक्षिणेला गेली आणि दोन पिढ्यांत वॉलून झाली. पुढं इटलीहून मजूर आले. १९५६ मध्ये मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ जण मेले, त्यातले १३६ इटालियन होते. अशाच एका इटालियन कुटुंबातला मुलगा, एलिओ दि रूपो, पुढं देशाचा पंतप्रधान झाला, आणि तो 'वॉलून' म्हणूनच. रक्ताचा हिशेब इथं लागत नाही. जी भाषा घरात आली, ती जात झाली.

भांडणाची सुरुवातही उत्तर-दक्षिण अशी नव्हती. ती वर-खाली अशी होती.

१८३० मध्ये हा देश नेदरलँड्सपासून फुटून निघाला. फुटणाऱ्यांत फ्लेमिशही होते, कारण ते कॅथलिक आणि नेदरलँड्सचा राजा प्रोटेस्टंट. भाषा एक असून धर्मानं त्यांना वेगळं केलं. नव्या देशाचा कारभार मात्र फक्त फ्रेंचमध्ये सुरू झाला, आणि बहुसंख्य लोकांची बोली तर फ्लेमिश, म्हणजे तिथली डच. हे वॉलून लोकांनी लादलं असंही नाही. गेंट, अँटवर्प या फ्लेमिश शहरांतले श्रीमंत स्वतःच घरात फ्रेंच बोलायचे. दिवाणखान्यात फ्रेंच, स्वयंपाकघरात फ्लेमिश. वकील, डॉक्टर, न्यायाधीश, लष्करी अधिकारी व्हायचं तर फ्रेंच हवंच. आपल्याकडे इंग्रजीचं जे आहे ते जवळपास हेच. फरक एवढाच, की तिथं ती 'वरची' भाषा शेजारच्या गावातल्या गरीब खाणकामगाराचीही मातृभाषा होती.

१८६० मध्ये यान कूके आणि पीटर खूताल्स या दोन फ्लेमिश मजुरांवर वॉलोनियात खुनाचा खटला चालला. कामकाज फ्रेंचमध्ये, आणि आरोपींना फ्रेंच जेमतेम कळत होतं. शार्लरवात दोघांचा शिरच्छेद झाला. नंतर दुसऱ्याच टोळीचं नाव पुढं आलं. ते दोघं खरोखर निर्दोष होते का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण आपल्यावरचा आरोप आपल्याला समजू नये आणि मान मात्र आपलीच जावी, हे चित्र फ्लेमिश मनातून गेलं नाही. १८७३ मध्ये फ्लँडर्समधल्या फौजदारी खटल्यांत डच आली. १८९८ मध्ये कायद्यांचा डच मजकूरही फ्रेंचइतकाच अधिकृत ठरला. गेंटचं विद्यापीठ १९३० मध्ये पूर्ण डच झालं. आणि राज्यघटनेची डच प्रत अधिकृत कधी झाली म्हणता? १९६७ मध्ये. देश जन्मून १३७ वर्षं होऊन गेल्यावर.

आता १९३२ पाशी जरा थांबू, कारण माझ्या मते सगळी कळ तिथं आहे.

त्या सुमाराला दोन वाटा समोर होत्या. एक अशी, की भाषा माणसाची मानायची. तुम्ही देशात कुठंही राहा, कचेरीत, कोर्टात, शाळेत आपल्या भाषेत बोला. सरकारनं दोन्ही भाषा येणारे कारकून ठेवावेत. दुसरी अशी, की भाषा जमिनीची मानायची. या रेषेच्या वर डच, खाली फ्रेंच. ज्याला दुसरीकडे राहायचं त्यानं तिथली भाषा शिकावी. पहिली वाट कानाला गोड लागते. पण तिचा व्यवहारात अर्थ असा, की वॉलोनियातल्या पोस्टमास्तरालाही डच शिकावी लागणार. वॉलून लोकांना ते नको होतं. नोकरीसाठी दोन भाषांची अट लागली तर दोन्ही भाषा येणारे फ्लेमिशच सगळ्या जागा पटकावतील, ही धास्ती होती, आणि ती खोटी नव्हती. म्हणजे सगळीकडे दोन भाषा चालवायला ठाम नकार आला तो वॉलोनियातून. फ्लेमिशांनाही ते पथ्यावरच पडलं, कारण त्यांना आपल्या शहरांतली फ्रेंच उखडायची होती. दोघांनी मिळून दुसरी वाट धरली. १९३२ च्या कायद्यानं फ्लँडर्स डच, वॉलोनिया फ्रेंच आणि ब्रसेल्स दुभाषी असं ठरलं. आज फ्रेंच भाषिक पुढारी फ्लँडर्समधल्या फ्रेंच लोकांच्या हक्कांबद्दल तळमळून बोलतात, तेव्हा ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

त्या कायद्यात एक फट राहिली होती. हद्द दर दहा वर्षांनी जनगणनेवरून सरकायची. एखाद्या गावात दुसऱ्या भाषेचे लोक ३० टक्क्यांवर गेले की तिथं दोन्ही भाषा, बहुमत फिरलं की गावच पलीकडे. १९४७ च्या गणनेनंतर ब्रसेल्सला लागून असलेल्या एव्हरे, गान्सहोरेन आणि बेर्खेम या तीन वस्त्या ब्रसेल्समध्ये ओढल्या गेल्या. फ्लेमिश लोक याला 'तेलाचा डाग' म्हणतात. ब्रसेल्सची फ्रेंच कागदावर पडलेल्या तेलासारखी पसरत चालली आहे, असं. पुढच्या गणनेत भाषेचा रकाना भरायला शेकडो फ्लेमिश महापौरांनी नकार दिला. मग तो रकानाच रद्द झाला आणि १९६२ मध्ये हद्द कायमची आखली गेली. परिणाम मजेशीर आहे. भाषेवरून ज्या देशाची सरकारं पडतात, तिथं कुठली भाषा किती लोक बोलतात याची सरकारी गणती १९४७ पासून झालेलीच नाही. मोजलं तर भांडण होईल म्हणून मोजायचंच नाही.

हद्द आखताना काही गावांची अदलाबदल झाली. मुस्क्रों आणि कोमिन फ्लँडर्सकडून वॉलोनियात गेली. वॉलोनियातल्या लीएज प्रांतातली वूरनची सहा खेडी फ्लँडर्सला मिळाली. या सहा खेड्यांत मिळून चारेक हजार माणसं, आणि तीही उरलेल्या फ्लँडर्सपासून तुटलेली. बेळगावचा विषय ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही. फ्रेंचमध्ये वूरनला फूराँ म्हणतात. जोझे आपार हा तिथला शेतकरी, लीएजला परत जायचं या मुद्द्यावर निवडून येऊन महापौर झाला, आणि आपल्याला डच येते हे सिद्ध करायला त्यानं नकार दिला. चार हजार वस्तीच्या गावाचा महापौर कुठली भाषा बोलतो, यावरून १९८७ मध्ये देशाचं सरकार कोसळलं.

त्याच्याआधी १९६८ मध्ये एक सरकार विद्यापीठावरून पडलं होतं. लवेन हे फ्लँडर्समधलं शहर. तिथल्या जुन्या कॅथलिक विद्यापीठात डच आणि फ्रेंच दोन्ही विभाग होते. 'वॉलून बाहेर व्हा' म्हणत फ्लेमिश विद्यार्थी रस्त्यावर उतरले. शेवटी फ्रेंच विभागासाठी हद्दीपलीकडे शेतजमिनीवर एक अख्खं नवं शहर वसवलं गेलं, नाव 'नवं लवेन', फ्रेंचमध्ये लुव्हाँ-ला-नव्ह. राहता राहिलं ग्रंथालय. हे ग्रंथालय १९१४ आणि १९४० अशी दोनदा जर्मन सैन्यामुळे जळून पुन्हा उभं राहिलेलं. त्याची वाटणी कशी केली? फडताळातल्या क्रमांकांवरून. विषम क्रमांकाची पुस्तकं एकाला, सम क्रमांकाची दुसऱ्याला. अनेक खंडांचे संच मधेच फुटले, असं सांगतात. दोन भावांच्या वाटणीत घरातलं जातं फुटतं, वरची तळी एकाकडे, खालची दुसऱ्याकडे, आणि दळण कुणाचंच होत नाही. तसंच झालं.

पुस्तकांपाठोपाठ पक्ष फुटले. १९६८ ते १९७८ या दहा वर्षांत ख्रिस्ती लोकशाहीवादी, उदारमतवादी, समाजवादी या तिन्ही मोठ्या पक्षांचे भाषेनुसार दोन-दोन तुकडे झाले. आज अँटवर्पच्या मतदाराला वॉलोनियातल्या उमेदवाराला मत देता येत नाही. म्हणजे पंतप्रधान होणारा माणूस निम्म्या देशाच्या मतपत्रिकेवर नसतोच. त्याला त्यांची मतं नकोत, मग त्यांची मर्जी तरी का सांभाळावी? माझ्या लेखी बेल्जियमच्या दुखण्याचं मूळ भाषेपेक्षा इथं जास्त आहे.

१९७० पासून राज्यघटना पुन्हा पुन्हा दुरुस्त होत गेली आणि १९९३ मध्ये देश अधिकृतपणे संघराज्य झाला. धड्यात मुलं इथं अडखळतात, कारण बेल्जियममध्ये दोन प्रकारची राज्यं आहेत, एकमेकांवर पसरलेली. रस्ते, उद्योग, शेती, पाणी ही जमिनीची कामं 'प्रदेशां'कडे: फ्लँडर्स, वॉलोनिया, ब्रसेल्स. शाळा, ग्रंथालयं, नाटक ही माणसांची कामं 'भाषिक समाजां'कडे: डच, फ्रेंच, जर्मन. ब्रसेल्समध्ये या दोन्ही चादरी एकमेकींवर येतात. एका गल्लीत दोन शाळा, एक फ्लेमिश मंत्र्याची, एक फ्रेंच मंत्र्याची, आणि समोरच्या रस्त्यातला खड्डा तिसऱ्याचाच. कोरोनाच्या साथीत या देशात आरोग्याशी संबंधित मंत्री मोजले गेले, ते नऊ निघाले.

वरून केंद्रात कुलपं. मंत्रिमंडळात पंतप्रधान सोडून डच आणि फ्रेंच बोलणारे मंत्री समसमान. एखादा कायदा आपल्या जिवावर येतो असं एका भाषेच्या तीन चतुर्थांश खासदारांना वाटलं, तर ते तो तात्पुरता थांबवू शकतात. कुणाला चिरडता येत नाही, हे खरं. आणि कुणाला हलताही येत नाही. जून २०१० च्या निवडणुकीनंतर सरकार बसायला ५४१ दिवस लागले. तेवढ्या काळात काळजीवाहू सरकारनं युरोपियन युनियनचं अध्यक्षपद सांभाळलं, लिबियात विमानं पाठवली. गाड्या धावल्या, पगार झाले.

दरम्यानच्या दशकांत पैशाचं पारडंही फिरलं होतं. कोळसा-पोलाद बसलं, वॉलोनिया खचला. अँटवर्पचं बंदर आणि नवे उद्योग यांवर फ्लँडर्स श्रीमंत झालं. आपल्या करातून वॉलोनियाचे बेकार पोसले जातात, ही तिथली रोजची तक्रार. दक्षिणेचं उत्तर असं, की तुम्ही कंगाल होतात तेव्हा तुम्हाला काम कुणी दिलं? अपमान जुना, हिशेब नवा, आणि दोन्ही एकाच वहीत.

देश फुटला मात्र नाही, आणि हत्यारंही निघाली नाहीत. १९७० मध्ये ब्रसेल्समध्ये पोस्टरं लावताना झालेल्या मारहाणीत एका कार्यकर्त्याचा जीव गेला, पण असं जवळजवळ घडतच नाही. एक कारण ब्रसेल्स. ते सोडून जायची कुणाचीच तयारी नाही, आणि ते कापता येत नाही. दुसरं कारण राष्ट्रीय कर्ज. ते तरी कसं वाटणार? सम-विषम?

मग 'बेल्जियन' म्हणून काय उरतं? जुल देस्त्रे या वॉलून पुढाऱ्यानं १९१२ मध्येच राजाला लिहिलं होतं, की महाराज, बेल्जियन नावाचे लोकच नाहीत. २००७ च्या राष्ट्रीय दिनी, पंतप्रधानपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या इव्ह लेतेर्म यांना एका पत्रकारानं राष्ट्रगीत म्हणायला सांगितलं, तर त्यांनी फ्रान्सचं म्हटलं. त्याच्या आदल्या वर्षी डिसेंबरमध्ये बेल्जियमच्याच फ्रेंच भाषिक सार्वजनिक वाहिनीनं चालू कार्यक्रम तोडून बातमी दिली, की फ्लँडर्सनं स्वातंत्र्य जाहीर केलं आहे. बातमी मुद्दाम रचलेली होती. पण असंख्य लोकांना ती खरी वाटली आणि पुष्कळ जण हादरले. मला या प्रसंगात दोन्ही गोष्टी दिसतात: फुटेल हे पटण्याजोगं वाटतं, आणि फुटलं तर वाईटही वाटतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बार्ट डे वेवर पंतप्रधान झाले. त्यांच्या पक्षाच्या घटनेतलं ध्येय स्वतंत्र फ्लँडर्स हे आहे. त्यांनीही शपथ बेल्जियमच्याच राजासमोर घेतली. देशाचं ब्रीदवाक्य काय, तर आपल्या भाषेत 'एकी हेच बळ'.

भाषा जमिनीला बांधली की सामान्य माणसाचं काय होतं, ते ब्रसेल्सला लागून असलेल्या सहा फ्लेमिश गावांत दिसतं. क्राइनेम, लिंकेबेक वगैरे. तिथं फ्रेंच बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून त्यांना कायद्यानं 'सवलती' दिल्या. फ्रेंच लोक म्हणतात, हा आमचा कायमचा हक्क. फ्लेमिश सरकार म्हणतं, भाषा शिकेपर्यंतची ही सोय. त्यामुळे १९९७ मध्ये फ्लेमिश सरकारनं आदेश काढला, की प्रत्येक कागद आधी डचमध्येच पाठवायचा; फ्रेंच हवा तर दर वेळी नव्यानं अर्ज करायचा. घरपट्टीसाठी अर्ज, मतदानाच्या चिठ्ठीसाठी पुन्हा अर्ज. या गावांतल्या तीन महापौरांनी मतदारांना थेट फ्रेंचमध्ये चिठ्ठ्या पाठवल्या. ते निवडून आलेले असूनही फ्लेमिश सरकारनं त्यांची नेमणूक अडवून धरली.

इथं आपल्या राज्यघटनेशी ताडून पाहावंसं वाटतं. भाषावार राज्यं करताना आपणही भाषा जमिनीला बांधली, पण माणसापासून पुरती सोडवली नाही. अनुच्छेद ३५०-क नुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, यासाठी राज्यानं प्रयत्न करायचे. प्रत्यक्षात सीमाभागात काय मिळतं हा वेगळा विषय. पण बेल्जियममध्ये ते तत्त्वच मान्य नाही. फ्लँडर्समधल्या फ्रेंच पालकांनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, तेव्हा आपल्या भाषेतल्या शाळेचा हक्क सरकारकडून मागता येत नाही, असंच न्यायालयानं १९६८ मध्ये मुख्यतः सांगितलं.

समजा पुण्याहून एखादं जोडपं आयटीच्या नोकरीसाठी तिथं गेलं. घर ब्रसेल्समध्ये घेतलं तर नगरपालिकेत विचारतील, कागद फ्रेंचमध्ये की डचमध्ये? तिसरा पर्याय नाही. तेच घर दोन किलोमीटर पलीकडे घेतलं तर प्रश्नच नाही, फक्त डच. आणि मुलाला ब्रसेल्सच्या शाळेत घालताना शेजारीपाजारी बहुधा एक सल्ला देतील: डच शाळा बघा. दोन्ही भाषा येतील, पुढं नोकरीला बरं.

हा सल्ला पाळणारे खूप आहेत. ब्रसेल्समधल्या डच माध्यमाच्या शाळांत आज बहुसंख्य मुलांच्या घरी डच बोललीच जात नाही. सकाळी फाटकापाशी आया फ्रेंचमध्ये, अरबीत, तुर्कीत बोलत उभ्या असतात, आणि घंटा झाली की पोरांना आत ढकलतात, जी भाषा एकेकाळी फक्त स्वयंपाकघरात चालायची ती शिकायला.